सपाट माप

“अर्धंच द्यायचं, पोरी. पुरं वाक्य दिलंस तर नट तुझंच ऐकत बसेल; अर्धं दिलंस तर त्याला त्याचं आठवेल.” काकांचा हा आवाज इतक्या वर्षांनी तिला लख्ख ऐकू आला, तो ती कमरेशी अडकली तेव्हा. पाय खाली शिडीवर, डोकं आणि छाती वर खोप्यात, आणि मधे नवी लोखंडी चौकट. वर सरकेना, खाली उतरेना. खोपा म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, लाकडी टोप घातलेली बसायची जागा. प्रेक्षकांना दिसते ती टोपाची पाठ आणि नटांना दिसतो त्याखालचा चेहरा. तिथे बसून संहितेवर बोट फिरवत राहायचं आणि कुणी अडखळला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा, हे तिचं काम. आधी हे काम काका करत. त्यांनीच तिला शिकवलं आणि एक दिवस संहिता दोऱ्यासकट तिच्या हाती देऊन ते निघून गेले. नाटकमंडळीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे कुजबुज म्हणत. तर त्या दिवशी, दुरुस्तीनंतर उघडलेल्या थिएटरातल्या पहिल्या तालमीला, ती अशी मधल्यामधे लटकली, आणि ओरडावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. त्या जागेवरून ती आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नव्हती. दातांमागून काढलेल्या नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली, “सुतारांना...” समोरचा तरुण नट नेमका त्याच वेळी वाक्य विसरून उभा होता. त्याने कृतज्ञतेने मान हलवली, हात पसरले आणि भरल्या गळ्याने म्हणाला, “सुतारांना विचारा, महाराज, त्यांना सारं ठाऊक आहे!” सगळे हसले, तीही हसली. हसताना पोट हललं आणि चौकटीने तिला आणखीच घट्ट धरलं.

सुतार खालच्या तळघरातून आला. ताई, श्वास सोडा, सगळा सोडा, म्हणत त्याने तिला पोत्यासारखी अलगद खाली घेतली. त्याने तिला लाजवलं नाही. दोष चौकटीवर घातला. जुनी लाकडी चौकट चार बोटं जास्त रुंद होती, ही लोखंडी तिच्या आत बसवली आहे, वरची तुळई तिच्यावरच पेललेली, हिला आता हात लावता यायचा नाही. ती खालच्या पायरीवर बसून हे ऐकत होती आणि कमरेवर उमटलेल्या दोन रेघा साडीवरून चाचपत होती. दुखत नव्हतं. आश्चर्य वाटत होतं एवढंच. आपलं शरीर कुठवर आलं आहे हे एवढ्या स्पष्टपणे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आरसा सांगत नाही, तो समोरून बघतो. नवरा सांगत नाही, त्याला दिसतच नाही. लोखंड मात्र भिडस्त नसतं.

आणि हे वजन कुठून आलं ते तिला नीट ठाऊक होतं. थिएटर दुरुस्तीला काढलं तेव्हा तिला दोन वर्षं घरी बसावं लागलं. नवरा त्याच सुमाराला कारखान्याच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेला; जन्मभर तो तिथे मुख्य आचारी होता, रात्रपाळीचं जेवण त्याच्या हातचं. म्हणजे लग्नापासून संध्याकाळ नावाची गोष्ट या दोघांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. ती सहाला थिएटरात, तो सहाला भट्टीशी. दोघांची ताटं झाकलेली, एकमेकांसाठी ठेवलेली, आणि गार. दोन वर्षं मात्र रोज सातला खिडकीशेजारच्या छोट्या टेबलावर समोरासमोर दोन ताटं पडली. तो वाढत असे आणि ती खात असे. तो शेजारच्या गमती सांगायचा, कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करायचा, आणि बोलताबोलता पळीने आणखी थोडं तिच्या ताटात यायचं. ती नको म्हणायची तेही कुजबुजत, आणि त्याला एका कानाने जरा कमीच ऐकू येत असे. असं ते वजन घास घास करून चढलं होतं. त्या पायरीवर बसून तिला वाटलं, ही चरबी नव्हे, या संध्याकाळी आहेत. त्या आता उतरवायच्या कशा?

उतरवायला तर हव्याच होत्या, कारण गोष्ट एकट्या तिची नव्हती. जन्मभर राण्यांची कामं केल्यामुळे जिला सगळे राणीसाहेब म्हणत, ती बाई आता थकली होती. पाठ ताठ, आवाज घंटेसारखा, पण मधूनच शब्द हातातून निसटायचे. नव्या थिएटरातलं पहिलं नाटक तिच्यासाठीच ठरलं होतं. व्यवस्थापक भला तरुण होता. त्याने सुचवलं, राणीसाहेबांच्या कानात एक छोटं यंत्र बसवू, कुजबुजताईंनी वरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून बोलावं, शिडी नको नि खोपाही नको. राणीसाहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. मग संध्याकाळी रंगभूषेच्या खोलीत, तोंड पुसता पुसता, आरशातून तिच्याकडे बघत म्हणाल्या, “कानात बोलणारं माणूस मला नको गं. त्याने मी वेडी होईन. पायाशी बसलेलं हवं. तुझं तोंड दिसलं की मला शब्द दिसतात.” तिने एवढंच म्हटलं, “मी खाली असेन.” सांगितल्यावर जिभेला गोड वाटलं. व्यवस्थापकाने मुदत दिली ती रंगीत तालमीपर्यंत. तोवर ती चौकटीतून गेली तर ठीक. नाही तर यंत्र, आणि यंत्र आलं तर राणीसाहेब घरी.

आहारतज्ज्ञ मुलगी लहान होती, तिच्या लेकीच्या वयाची शोभली असती. लेक असती तर. तिने हातावर हात ठेवून समजावलं. सकाळी आणि संध्याकाळी जेवणाऐवजी प्रोटीन शेक, पाण्यात एक माप पावडर. दुपारी साधं, पोटभर जेवण. आणि रोजचं चालणं. घाई करायची नाही, महिन्याला थोडं थोडं. नवरा बरोबर होता. तो गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकत होता. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, म्हणजे प्यायचं? जेवायचं नाही, प्यायचं? मग जिन्यात म्हणाला की शेक तो करून देईल, स्वयंपाकघरात तिने लुडबूड करायची नाही. ते तर नेहमीचंच होतं. त्या घरात चूल त्याची आणि देव तिचे, अशी वाटणी फार आधी झाली होती.

तिचे रोजचे नेम होते, साधे, कुणाला दिसू नयेत असे. उठल्यावर पहिला तास ती बोलत नसे. डोळे मिटून नाम घ्यायचं, मग खिडकीत बसून उजाडताना बघायचं, आणि तोंडातून पहिला शब्द बाहेर पडण्याआधी तो खरा आहे ना हे एकदा पाहायचं. दुसऱ्यांचे शब्द पुरवणाऱ्या बाईला एवढी स्वच्छता हवी, असं तिला वाटे. त्याच तासात आता स्वयंपाकघरातून नवा आवाज येऊ लागला. पत्र्याच्या डब्याचं झाकण, कसलीशी धार, आणि मग तो झाकणाचा पेला, ज्याच्या आत तारेचा एक चेंडू होता. नवरा तो दोन्ही हातांनी हलवायचा तेव्हा वाटे, घरात एखादं तान्हं मूल आलं आहे आणि त्याला कुणी खुळखुळा वाजवून दाखवतं आहे. मग पेला तिच्यासमोर यायचा. वर फेस, खाली फिकट बदामी रंगाचं काहीतरी घट्ट. पहिल्या दिवशी तिला ती चव ओळखताच येईना. खडूची, थंडाईची, कुठल्यातरी गोड सुगंधाची, आणि मागे रेंगाळणारी, नव्या रंगवलेल्या खोलीसारखी. जिभेवर मधूनच गुठळी फुटायची आणि कोरडी पूड उडायची. ती डोळे मिटून प्यायची, घोट घोट, नामाच्या लयीवर. आणि नवल म्हणजे भूक लागायची नाही. दुपारपर्यंत पोट शांत, संध्याकाळी चालून आल्यावर दुसरा पेला, तो प्यायली की पुन्हा शांत. ऐकलं होतं की पहिले आठवडे जीव नुसता वखवखतो. तिचा वखवखला नाही. तिला वाटलं, आपल्या नेमाला देवाने हात दिला, भूकच काढून घेतली. ती रोज त्याचे मनापासून आभार मानू लागली.

सुतार एका रविवारी प्लायवुडची हलकी चौकट घेऊन आला, नेमकी त्या लोखंडी चौकटीच्या मापाची. ताई, घरी सराव करा, म्हणाला. आणि ती अंगातून गेली की मला निरोप धाडा, पेढा नको, नुसता निरोप. ती चौकट निजायच्या खोलीच्या दारामागे उभी राहिली. दर रविवारी नवरा ती तिच्या डोक्यावरून खाली सरकवायचा, शिंपी कपडा घालून बघतो तशी, आणि दर रविवारी ती कमरेशी येऊन थांबायची. पहिल्या पंधरवड्यात वाटलं की बोटभर फरक पडला. चालण्यानेच पडला असावा. मग चौकट तिथेच थांबली, काही केल्या खाली जाईना. नवरा म्हणायचा, घाई नाही. ती म्हणायची, हो. चौकट काढताना त्याच्या हातात एक हलकेपणा असे. तो तिला जाणवला होता, पण त्याला काय म्हणायचं ते सुचलं नव्हतं. उलट ती स्वतःलाच दोष देत राहिली. दुपारचा घास कमी केला. चालायच्या वाटेवर एक चढ वाढवला. सज्जात रिकाम्या डब्यांची रांग लागली होती. नवऱ्याने प्रत्येकात माती भरून रोपं लावली होती, आणि संध्याकाळी परत आल्यावर त्या रांगेकडे बघून तिला वाटे, एवढं प्यायले मी, एवढं नेमाने, आणि तरी. तरी या शब्दाशी येऊन तिचं मन थांबायचं, चौकटीसारखंच.

तो दाढी-केस करायला गेला होता त्या सकाळची गोष्ट. मौनाचा तास संपला होता, आणि त्याने घाईत धुण्याच्या पावडरीचं खोकं मोरीच्या कडेला उघडंच ठेवलं होतं. झाकायला म्हणून ती वाकली, तर आत एक इवलंसं प्लॅस्टिकचं माप, लांब दांड्याचं, चमच्यासारखं. ते तिने आधी पाहिलं होतं. कुठे? मिठाच्या बरणीत. साखरेच्या बरणीत. सज्जात, कुंड्यांना खत घालायला. घरभर ती मापं होती, आणि इतके दिवस तिची नजर त्यांच्यावरून सहज घसरत होती. खोप्यात बसलं की नटांची पावलं सतत समोर असतात आणि ती दिसेनाशी होतात, तशी. तिने हातातलं माप उलटं केलं. बुडाशी अक्षरं कोरलेली: एक माप. मग ती स्वयंपाकघरात गेली, चोरासारखी, आणि ओट्यावरचा पावडरीचा डबा उघडला. आत मापाच्या जागी पावडरीत रुतलेला होता कॅन्टीनचा पेला, दांडीचा, चेपलेला, कारखान्याचं चिन्ह झिजून गेलेलं. त्याने जन्मभर रात्रपाळीच्या माणसांना ज्या पेल्याने वाढलं तो. शेजारी दुधाचं पातेलं, साय धरलेलं. ती तिथेच खाली बसली.

रागाआधी हसूच आलं, आणि हसण्याच्या आत लाज. इतके आठवडे आपण देवाचे आभार मानत होतो ते या पेल्याबद्दल. मग ती विचारात पडली की ते आभार अगदीच चुकीच्या पत्त्यावर गेले का. आणि ते तिला ठरवता येईना. बाहेर रस्त्यावर कुणीतरी लोखंडी जाळी वर सरकवली, दुकान उघडलं. तिला त्या खडखडाटात पहिला पडदा वर जाताना ऐकू आला. राणीसाहेब आरशात बघत असतील, ओठ हलवत असतील. खोपा रिकामा असेल. रंगीत तालमीला दीड महिना उरला होता. आता राग आला. बारीक, स्वच्छ, आणि त्याचं पूर्ण वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. तुम्ही मला मुद्दाम जाऊ दिलं नाहीत. अगदी नीट वाक्य, कर्ता, कर्म, क्रियापद. ती ते जिभेवर धरून बसली.

दार वाजलं. तो आला, मानेवर बारीक केस, हातात भाजीची पिशवी. ती त्याला ओट्याशी बसलेली दिसली, हातात ते माप. ती म्हणाली, “हे माप...” आणि थांबली. अर्धं दिल्यावर थांबायचं असतं. नवशिके थांबत नाहीत, घाबरून बाकीचंही सांगून टाकतात. काका म्हणत, तो मधला क्षण तुझा नाही, त्याचा आहे, त्याला राहू दे. तिने राहू दिला. त्याने पिशवी खुंटीला लावली, ती घसरली, पुन्हा लावली.

“पहिल्या डब्यात सापडलं तेव्हा मला वाटलं, खेळणं आहे,” तो म्हणाला. “पोरांना खुश करायला टाकतात तसलं. बाहुलीला वाढायचं. माणसाचं माप कधी एवढं असतं?”

तिने माप पुढे केलं, बुडाची अक्षरं वर करून.

“मग दुसऱ्या डब्यावर वाचलं.” तो स्टूल ओढून बसला. “वाचलं, आणि त्या मापाने घालूनही पाहिलं. ते पाण्यासारखं. तुझ्यासमोर ठेवायला हात जाईना. माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी उपाशी उठलेलं नाही.” मग भिंतीकडे बघत, “आणि तू तिकडे खाली गेलीस की इथे ताट एक.”

तर हा होता तो हलकेपणा, रविवारचा, चौकट काढतानाचा. तिच्या तोंडातलं वाक्य कुठे विरघळून गेलं ते तिला कळलं नाही. गुठळी फुटावी तसं ते आतल्या आत फुटलं आणि नुसती कोरडी पूड राहिली. इतकी वर्षं हा माणूस गार ताटावरचं झाकण उचलून एकटाच जेवला, आणि तीही जेवली, आणि दोघांनीही त्याला संसार म्हटलं, आनंदाने म्हटलं. त्याने चोरी केली होती ती दोन वर्षांच्या संध्याकाळींची राखण करायला. पण राणीसाहेबांना दिलेला शब्दही खराच होता. तो तिने रोज मौनात तपासून पाहिला होता. ती उठली, त्याच्या मानेवरचे केस पदराने झटकले आणि म्हणाली, “मला भूक लागू द्या.”

त्याने वर पाहिलं. ऐकू आलं होतं. चांगल्या कानाच्या बाजूला ती उभी होती.

त्याच संध्याकाळी त्याने मिठाच्या बरणीतलं माप काढून धुतलं, पुसलं. पावडर घेतली, आणि सुरीच्या पात्याने वरून सपाट केली, सोनार कस लावताना जेवढा गंभीर असेल तेवढा गंभीर होऊन. पाणी घातलं. दोन पेले भरले. एक तिच्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे, आणि खिडकीशेजारच्या टेबलाशी बसून पहिला घोट घेतला. तोंड इतकं वाईट केलं की मुकादमाची नक्कलसुद्धा एवढी कधी साधली नव्हती. भिंतीला लावायचा चुना साखर घालून देतात काय, म्हणाला. पण पेला संपवला. मग तो स्वतःसाठी जेवण वाढून घेणार तेवढ्यात थांबला, आणि ती हसून म्हणाली की जेवा, मी बसते समोर. ती बसली. तो जेवला. मुकादम झाला, शेजारीण झाली, सुतारही झाला.

आणि मग भूक आली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आली, ओळखीच्या पाहुणीसारखी, दार न वाजवता. तिने धसका घेतला नाही. या भुकेला ती ओळखत होती. खोप्यातल्या वर्षांमध्ये प्रयोगाआधी ती कधी खात नसे, आणि पोट रिकामं असलं की कान मोठे होतात हे तिला त्या अंधाऱ्या टोपाखालीच कळलं होतं. नटाने श्वास कुठे घेतला, कुठे चुकीचा घेतला, तो आता अडणार हे त्याच्याही आधी तिला कळे, ते या रिकाम्या जागेमुळे. दोन वर्षं तिचं पोट भरलेलं होतं आणि कान मिटलेले होते, आणि ती सुखी होती. त्यात खोटं काही नव्हतं. आता ती दुपारच्या ताटाची वाट बघायची, पहिला घास तोंडात बराच वेळ फिरवायची आणि त्यातलं मीठ, त्यातला विस्तव, त्यातला त्याचा हात वेगवेगळा ओळखायची. शेकची चवही बदलली, की तिची जीभ बदलली. खडू गेला. पातळ, किंचित गोड, फेसाचं पाणी. त्यात काही लपलेलं नव्हतं. मौनाच्या तासात तारेचा चेंडू खुळखुळायचा, आणि त्या आधी सुरीचं पातं मापावरून फिरल्याचा बारीक आवाज यायचा. तो ऐकला की तिला वाटे, आपल्याबरोबर दुसऱ्या खोलीत कुणीतरी दुसरा नेम पाळतं आहे.

चौकट एका रविवारी कमरेवरून गेली. घासत गेली, जरा तिरकी, पण गेली, आणि पायांशी जमिनीवर आपटून पडली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. नवऱ्याने ती उचलून पुन्हा दारामागे ठेवली आणि म्हणाला की सुतारांना... आणि ते दोघेही एकदम म्हणाले, “विचारा, महाराज,” आणि पलंगावर बसून पोट धरून हसले. रंगीत तालमीला ती शिडी चढून खोप्यात बसली तेव्हा व्यवस्थापकाने कानातल्या यंत्राची डबी खिशात परत ठेवली. प्रवेशात येताना राणीसाहेबांनी साडीच्या निऱ्या जरा उचलल्या आणि पायाने टोपाच्या कडेला हलकेच स्पर्श केला.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपार लांबली. तिने संहिता कापडात बांधली, देवापुढे क्षणभर बसली. पाचला नवऱ्याने पेला आणून दिला, माप सपाट, पाणी थंड, आणि ती तो खिडकीशी उभी राहून प्यायली; सज्जातल्या डब्यांत रोपं हातभर झाली होती. आता संध्याकाळचा पेला असा पाचलाच प्यायचा, आणि सातचं टेबल या घरात राहायचं नाही. तिने ते टेबल पाहिलं. त्याने पाहिलं की ती बघते आहे. चपला घालून ती दाराशी आली तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला, हात पुसायचं फडकं खांद्यावर, आणि सहज विचारावं तसं म्हणाला, “पडदा पडला की...”

आणि थांबला. चांगला थांबला, न घाबरता, न पुढचं सांगता, जुन्या प्रॉम्प्टरसारखा. तिला तिचं आठवलं.

“दोन ताटं मांडा,” ती म्हणाली. “माझं लहान.”

ती जिना उतरू लागली. मागे दार लोटल्याचा आवाज आला नाही. तो तिथेच उभा असणार. रस्त्यावर दिवे लागायला अजून अवकाश होता. माणसं कामावरून परतत होती आणि ती त्यांच्या उलट दिशेने, पायांचा आवाज न करता, चालली होती. पोट हलकं होतं. ओठांच्या आत नाटकातलं पहिलं वाक्य तयार होतं, त्यातलं तिच्या वाट्याचं अर्धं.